आई-वडील वेगळे होतात, तेव्हा अठरा ओलांडलेल्या मुलांचे काय होते?

मार्कंडेयकाठ (धागाकर्ती)

घटस्फोटाचा मुलांवर होणारा परिणाम म्हटले की आपल्यासमोर शाळकरी मूल उभे राहते. ताबा कोणाकडे, भेटीचा वार कोणता, फी कोण भरणार, एवढ्यावरच बोलणे होते. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली किंवा नुकतीच नोकरीला लागलेली मुले या चर्चेत येतच नाहीत. ‘ती आता मोठी झाली, त्यांना सगळे कळते’ असे म्हणून घरचे, नातेवाईक आणि शिक्षकही मोकळे होतात. अनेक जोडपी तर ‘मुले मोठी होऊ देत, मग बघू’ असे ठरवून वर्षानुवर्षे थांबतात आणि धाकट्याची दुसऱ्या पीयूसीची (बारावीची) परीक्षा संपली की वकिलाचे दार ठोठावतात. थांबण्यामागची त्यांची माया खरी असते, याविषयी मला शंका नाही. परंतु नेमक्या त्याच वयात मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा घराबाहेर पाऊल टाकत असते, आणि मागे वळून पाहिल्यावर घर जागेवर आहे की नाही याचीच खात्री उरत नाही.

मी बेळगावात पदवीच्या वर्गांना शिकवते. प्रत्येक शिक्षकाकडे काही विद्यार्थी देखरेखीसाठी सोपवलेले असतात, त्यामुळे हजेरी घसरली किंवा विषय राहिले की कारण विचारण्याचे काम माझ्याकडे येते. अशा बोलण्यांतून माझे एक मत बनले आहे. आई-वडिलांच्या वेगळे होण्यापेक्षाही त्या काळात मुलांवर जी कामे येऊन पडतात, त्यांनी ती अधिक खचतात. वयात आलेले मूल एकाच वेळी निरोप्या, साक्षीदार आणि दुभाषी होते. शिवाय लहान भावंडांचे पालकही होते. मूल म्हणून रडण्याची मुभा तेवढी त्याला कोणी देत नाही.

यांतले दुभाषाचे काम आपल्या सीमाभागाचे खास आहे. ओळख पटणार नाही अशा बेताने एक उदाहरण सांगते. आई चंदगड तालुक्यातली, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मुलगा इथल्या शाळेत कन्नड उत्तम शिकलेला, वय एकोणीस. वडिलांनी न्यायालयात दिलेल्या अर्जाची प्रत घरी आली ती कन्नडमध्ये. आईला वाचता येईना, शेजारी दाखवायची लाज, म्हणून कागद मुलापुढे आला. त्याने स्वयंपाकघरात बसून एकेक परिच्छेद वाचत आईला मराठीत अर्थ सांगितला. पाचव्या परिच्छेदात आईच्या चारित्र्याविषयी दोन ओळी होत्या. त्या गाळून तो सहाव्याकडे वळला. आईचे बोट मात्र कागदावरून सरकत होते, आणि तिने विचारले, ‘मधलं काय लिवलंय?’ हा मुलगा मला म्हणाला की वडिलांवरचा राग एक वेळ निवळेल, पण ते वाक्य आईला सांगायचे की नाही हे आपल्याला ठरवावे लागले, ते डोक्यातून जात नाही. त्या सत्रात त्याचे दोन विषय राहिले. घरी सर्वांनी मोबाइलला दोष दिला.

दुसरी गोष्ट अशी की आपल्याकडे कागदोपत्री घटस्फोट थोडे आणि नुसते वेगळे राहणे फार. 2011 च्या जनगणनेत देशभरात घटस्फोटितांपेक्षा विभक्त राहणाऱ्यांची संख्या जवळपास तिप्पट होती. बाई माहेरी येते, बैठक बसते, पंच समजूत घालतात, दोन महिने नांदून पुन्हा परत येते, आणि मग कोणीच काही करत नाही. पाच-सात वर्षे अशीच जातात. लहान मुलाला निदान ‘आई लवकर येईल’ असे सांगितले जाते. वीस वर्षांच्या मुलीला कोणी काहीच सांगत नाही. गणपतीत कोणत्या घरी जायचे, आत्याच्या मुलाच्या लग्नात कोणाच्या शेजारी बसायचे, ‘घरी कोण कोण असतं?’ या साध्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, हे तिचे तिलाच ठरवावे लागते. जे तुटले असे कोणी म्हणतच नाही, त्याचे दुःख तिने कसे करावे?

ज्यांनी हे सोसले आहे, ज्यांच्या घरात हे चालू आहे किंवा ज्यांचा कामाच्या निमित्ताने या विषयाशी संबंध येतो, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शहापूरची_लेक

मॅडम, मी या संकेतस्थळावर बहुतेक वेळा केवळ वाचते, पण आज लिहिते. माझे वय चोवीस. मी पहिल्या पीयूसीला असताना आई गडहिंग्लजला मामांकडे गेली ती गेलीच. कॉलेज इथे असल्यामुळे मी अप्पा आणि आज्जी यांच्याबरोबर शहापुरात राहिले. दर पंधरा दिवसांनी आईकडे जायचे, असे कोणी ठरवले नव्हते. मीच जाऊ लागले. 2023 पासून निपाणीपर्यंत शक्ती योजनेचे (कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना मोफत प्रवास) शून्य रकमेचे तिकीट मिळते आणि पुढे महाराष्ट्राच्या एसटीचे काढावे लागते. निपाणीच्या स्टँडवर मी एका घरची मुलगी असणे संपवून दुसऱ्या घरची होत असे. बसमध्ये बसल्या बसल्या मनात उजळणी चाले, की आईने अमुक विचारले तर काय सांगायचे आणि परत आल्यावर आज्जीने तमुक विचारले तर काय लपवायचे.

आई थेट कधीच विचारत नाही. ‘तुझ्या आज्जीचे गुडघे कसे आहेत?’ इथून सुरुवात होते आणि हळूहळू घरात स्वयंपाक कोण करते, अप्पा किती वाजता येतात, इथवर गाडी येते. आज्जी तर परतल्या दिवशी माझ्या पिशवीत नवा कपडा दिसला की त्याची किंमत विचारते, कारण त्यावरून मामांचे बरे चालले आहे की नाही हे तिला कळते. अप्पा काहीच विचारत नाहीत, आणि तेच मला सर्वांत जड जाते. मी दोन्हीकडे थोडे थोडे खोटे बोलू लागले. पदवीच्या शेवटच्या वर्षी मला झोप लागेना, बसचा विचार आला तरी पोटात कळ येई. तपासण्या झाल्या, त्यांत काहीच निघाले नाही, आणि डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या.

मी आईला दोष देत नाही आणि अप्पांनाही नाही, पण हे वाक्य दोघांपैकी कोणासमोरही म्हटले की ते त्यांना आपल्या विरुद्ध वाटते. मैत्रिणी म्हणतात की तू फार समंजस आहेस. त्या समंजसपणाचा मला आता कंटाळा आला आहे.

सध्या घरात माझ्या लग्नाचे बोलणे चालू आहे. स्थळ येते, पत्रिका जुळते, आणि पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारते, ‘मुलीची आई कुठे असते?’ दोन ठिकाणचे बोलणे तिथेच थांबले. तिसऱ्या ठिकाणी मुलाने स्वतः फोन करून सांगितले की त्याला काही अडचण नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की मलाच भीती वाटते आहे. माणूस चांगला वाटला की मी त्यात खोट शोधू लागते. हे असे इतरांचेही होते का? आणि एक साधा प्रश्न, जो मला रात्री जागवतो: उद्या लग्न ठरलेच तर पत्रिकेत नावे कशी घालायची, आणि कन्यादानाला कोणी बसायचे?

निपाणीकर

सर्वांचे वाचतो आहे. माझे वय पासष्टच्या पुढे, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहिले तर राग मानू नये. आमच्या पिढीत नवरा-बायकोचे पटत नसले तरी मुलांकडे पाहून माणसे एका छपराखाली राहत. निपाणीत तंबाखूच्या वखारींत आणि विड्यांच्या कामावर राबणाऱ्या कितीतरी बायांनी व्यसनी नवऱ्यांबरोबर संसार ओढले आणि मुलांना शिकवून मोठे केले. या मुलीचे वाचून वाईट वाटते, पण आई-वडिलांनी आणखी चार वर्षे कळ काढली असती तर हिचे लग्न सुखाने झाले नसते का?

मलप्रभा

निपाणीकर काका, तुमच्या वयाचा मान राखून लिहिते. मी तशी चार नव्हे, चौदा वर्षे कळ काढली. माझ्या घरी जेवणाच्या ताटावरून सुरू झालेले भांडण भिंतीवर ताट आपटण्यापर्यंत जात असे. मोठा मुलगा अकरावीत असल्यापासून रात्री आमच्या खोलीच्या दाराबाहेर अंथरूण घालून झोपू लागला. विचारले तर म्हणे, इथे वारा लागतो. तो कशासाठी तिथे झोपत होता हे मला कळत होते आणि त्यालाही कळत होते की मला कळते. छप्पर एकच होते, हे खरे. त्या छपराखाली त्या मुलाच्या मनाचे काय चालले होते, ते माझ्या सासरच्या बैठकीत एकानेही विचारले नाही.

परस्परसंमतीने आमचा घटस्फोट झाला तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि धाकटी सतरा. पहिले सहा महिने वाईट गेले. त्यानंतर तो आपल्या खोलीत दार लावून झोपू लागला. लोक विचारतात की मुलांवर परिणाम झाला का. झाला, आणि त्यातला मोठा भाग आम्ही एकत्र असतानाच झाला होता.

मला माझ्या लेकीविषयी मात्र एक सांगायचे आहे. ती वडिलांची लाडकी होती. मी सुटले म्हणून ती आनंदी असेल असे सर्वांनी गृहीत धरले, आणि तिने वडिलांची आठवण काढली की माझी बहीण तिला म्हणायची, ‘आईने एवढं सोसलं आणि तुला त्यांची आठवण येते?’ मी बहिणीला ते बोलणे बंद करायला लावले. ज्या माणसाबरोबर मला राहता आले नाही, तो तिचा बाप आहे. तिला त्याची आठवण येणे हा माझा अपमान नाही, हे तिला माझ्याच तोंडून ऐकायला मिळणे आवश्यक होते.

घाटमाथा

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून संशोधनाविषयी थोडे लिहितो. बहुतेक मोठे अभ्यास अमेरिकेतले आहेत; तिथले घर आणि आपले घर यांत फरक आहे हे ध्यानात ठेवूनच ते वाचावेत. पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ यांनी 1991 मध्ये 37 अभ्यासांतील 80,000 हून अधिक प्रौढ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. आई-वडिलांचा घटस्फोट झालेल्यांत मानसिक स्वास्थ्य, शिक्षण आणि स्वतःचे वैवाहिक जीवन या बाबतींत सरासरीने उणेपणा आढळला, परंतु तो फरक लोक समजतात तेवढा मोठा नव्हता. मेव्हिस हेदरिंग्टन यांच्या दीर्घकालीन पाहणीत घटस्फोटित घरांतील सुमारे 25 टक्के मुलांना गंभीर अडचणी आल्या, तर एकत्र राहिलेल्या घरांत हे प्रमाण सुमारे 10 टक्के होते. म्हणजे धोका दुपटीहून अधिक वाढतो हे जितके खरे, तितकेच चारांपैकी तीन मुले कालांतराने सावरतात हेही खरे. ‘घटस्फोटितांची मुले बिघडतात’ असे म्हणणाऱ्यांनी आणि ‘मुलांना काही होत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही ही आकडेवारी पूर्ण वाचावी.

निपाणीकर काकांच्या प्रश्नाचे उत्तर अमाटो, लूमिस आणि बूथ यांच्या 1995 च्या अभ्यासात सापडते. ज्या घरांत तीव्र भांडणे होती, तिथल्या मुलांचे तरुणपणीचे स्वास्थ्य आई-वडील वेगळे झाल्यास अधिक चांगले होते. ज्या घरांत वरवर शांतता होती आणि मुलांना कशाची कल्पनाच नव्हती, तिथे मात्र घटस्फोटानंतर मुलांचे स्वास्थ्य ढासळले. मलप्रभाताईंचा मुलगा पहिल्या प्रकारात मोडतो. दुसऱ्या प्रकारातली मुले मी पाहतो तेव्हा ती म्हणतात, ‘मग आमचे आतापर्यंतचे सगळे खोटेच होते का?’ जुने फोटो, सहली, दिवाळ्या, सर्वांवरच त्यांना संशय येऊ लागतो. अशा घरातल्या आई-वडिलांनी ‘ते दिवस खरे होते, पुढे आमचे जमले नाही’ एवढे तरी स्पष्ट सांगितले पाहिजे.

शहापूरच्या ताईंसाठी मुद्दाम लिहितो. लॉमन-बिलिंग्ज आणि एमरी यांनी 2000 साली तरुण मुलामुलींचा अभ्यास करताना आजार आणि वेदना या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या. बाहेरून पाहता ही मुले शिकत होती, कामे करत होती, निदान करण्याजोगा आजार बहुतेकांना नव्हता. तरीही आत दुखत होते. त्यांच्या प्रश्नावलीतले एक विधान पदवीदान किंवा लग्न अशा मोठ्या प्रसंगी आई-वडील दोघेही येतील याच्या काळजीविषयीचे होते. म्हणजे तुम्हाला रात्री जागवणारा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाला तो प्रश्नावलीत छापावा लागला, इतका तो सर्रास आढळतो. चांगल्या माणसात खोट शोधणे हेही नेहमीचेच आहे. त्याचा अर्थ तुमचा संसार मोडणार असा होत नाही.

‘मधल्यामध्ये अडकल्याची’ भावना किशोरवयीन मुलांतील नैराश्याशी आणि चिंतेशी जोडलेली असते, हे ब्युकॅनन, मॅकोबी आणि डॉर्नबुश यांनी 1991 मध्ये दाखवले. मूल कोणाकडे राहते यापेक्षा आई-वडील एकमेकांशी कसे वागतात, यावर ती भावना अधिक अवलंबून होती. धागाकर्तीने निरोप्या आणि दुभाषी यांविषयी जे म्हटले आहे त्याला यातून बळ मिळते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एक वाक्य घरी आरशासमोर म्हणून पाहायला सांगतो: ‘हे तुम्ही त्यांनाच सांगा, मी सांगणार नाही.’ पहिल्यांदा म्हणताना आवाज कापतो. आई-वडील रागावतात, आठवडाभर अबोला धरतात. मग हळूहळू विचारणे कमी होते.

झोप, भूक आणि अभ्यासातले लक्ष दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र वाट पाहू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो, आणि मराठी वा कन्नड भाषा निवडता येते. प्रत्यक्ष भेटायचे असेल तर बेळगावच्या बिम्स रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि धारवाडची डिमहान्स ही संस्था याच कामासाठी आहे. ‘वेड्यांचा दवाखाना’ म्हणून धारवाडचे नाव घेऊन मुलांना चिडवण्याची आपल्याकडची सवय मात्र आता सुटली पाहिजे. त्या एका चिडवण्यामुळे किती मुले दारापर्यंत जाऊन परत फिरतात हे मी पाहतो.

काळाकोट

मी वकिली करतो. भावनांविषयी घाटमाथा यांनी लिहिलेच आहे. मी कायद्याची बाजू मांडतो, कारण मुलांच्या मनावरचे बरेचसे ओझे माहितीच्या अभावाने वाढलेले असते.

अठरा वर्षे पूर्ण झाली की ताब्याचा प्रश्नच संपतो. कोणाकडे राहायचे हे मूल स्वतः ठरवते, आणि कोणाकडेही राहिले तरी दुसऱ्याशी असलेले वारसाहक्काचे नाते तुटत नाही. हिंदू वारसा कायद्यानुसार मुलगा आणि मुलगी हे आई आणि वडील दोघांचेही पहिल्या क्रमाचे वारस राहतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती कर्नाटकाने 1994 मध्येच लागू केली होती. देशभर तो हक्क 2005 मध्ये आला. ‘आईकडे गेलीस तर उताऱ्यावर तुझे नाव लागणार नाही’ अशी धमकी मुलींना दिली जाते. तिला कायद्याचा काहीही आधार नाही.

पोषणाचा खर्च हा मात्र गुंतागुंतीचा विषय आहे. 1956 च्या हिंदू दत्तक व पोषण कायद्याच्या कलम 20 नुसार अविवाहित मुलगी स्वतःच्या उत्पन्नावर जगू शकत नसेल, तर सज्ञान झाल्यावरही तिला पोषणखर्च मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश या निकालात ते स्पष्ट केले. मुलाचा तसा हक्क साधारणतः अठराव्या वर्षी संपतो. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात असलेल्या मुलाची फी कोण भरणार, याचे उत्तर त्यामुळे कायद्यात न शोधता तडजोडीच्या मसुद्यातच लिहून घ्यावे लागते. परस्परसंमतीचा अर्ज करणाऱ्या माझ्या प्रत्येक पक्षकाराला मी शिक्षणाचे कलम घालायला लावतो. जैन आणि लिंगायत कुटुंबेही हिंदू विवाह कायद्यातच येतात, हे जाता जाता सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यात ते वारंवार विचारले जाते.

सीमाभागाची एक वेगळी अडचण आहे. आपल्याकडे सोयरिकी राज्याच्या सीमेपलीकडे होतात. पत्नीला ती राहत असलेल्या ठिकाणी अर्ज करता येतो, त्यामुळे पतीचा अर्ज बेळगावात आणि पत्नीचा गडहिंग्लजला, अशी दोन राज्यांत दोन प्रकरणे उभी राहतात. ती एका ठिकाणी आणायची तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 25 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागते. अंतर दोन तासांचे, आणि अर्ज दिल्लीत. यात वर्षे जातात, आणि मुलाची पदवी, नोकरी, लग्न या सर्व गोष्टी ‘केस संपू दे’ या एका वाक्याला टांगलेल्या राहतात.

कन्नड कागद मुलाकडून वाचून घेण्याविषयी एवढेच सांगतो की ते काम वकिलाचे आहे. अर्जातील मजकूर पक्षकाराला कळेल अशा भाषेत समजावून सांगणे हे आमचे कर्तव्य आहे, आणि वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 15100 या क्रमांकावर विचारणा करता येते. मुलांना साक्षीला बोलावण्याचा आग्रह धरणाऱ्या पक्षकारांनाही मी शक्यतो परावृत्त करतो. साक्षीने खटला जिंकता येतो, पण उलटतपासणीत बापासमोर उभे राहून बोललेले शब्द ते मूल पुढे कुठे ठेवणार, हे कोणताही निकाल सांगत नाही.

जांबोटी

मी खानापूर तालुक्यातला, सध्या पुण्यात नोकरीला. मलप्रभाताईंच्या मुलाबद्दल वाचून मन भरून आले, कारण दाराबाहेर झोपणारा मीही होतो. आई वेगळी झाली त्या दिवशी मला काय वाटले, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही: मला हलके वाटले. आणि लगेच त्या हलकेपणाची लाज वाटली. वडील एकटे पडले, दारू वाढली, भावकीतले चुलते फोन करून म्हणू लागले, ‘तू थोरला. बापाला वाऱ्यावर सोडलास.’ मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि पहिला पगार व्हायचा होता.

मुलींचे दुःख निदान मामी-मावशी विचारतात. मुलाला ‘आता तूच बघायचं’ एवढेच सांगितले जाते. आईचे भाडे, बहिणीची फी, वडिलांचा दवाखाना, रताळी काढायच्या वेळी शेतावर माणूस, हे सारे मी पाहिले. ते पाहताना मला काय होते आहे हे पाहायला कोणी नव्हते, आणि मीही पाहिले नाही. ऑफिसात कोणी थोडा आवाज चढवला की माझे हात थंड पडतात. ते कशामुळे होते हे गेल्या वर्षी समुपदेशकाकडे गेल्यावर कळले. पुण्यात ओळखीचे कोणी भेटणार नाही म्हणून गेलो. बेळगावात असतो तर कदाचित गेलो नसतो.

वडिलांशी मी आता महिन्यातून दोनदा बोलतो. आईविषयी ते बोलू लागले की पावसाचे विचारतो. घाटमाथा सरांचे वाक्य म्हणायचे धाडस अजून झालेले नाही, पण पावसाचे विचारण्यानेही काम भागते.

मार्कंडेयकाठ

जांबोटी, तुम्ही हलके वाटल्याचे लिहिलेत ते फार महत्त्वाचे आहे. वर्गात माझ्यासमोर बसणाऱ्या काही मुलांच्या चेहऱ्यावर मी ते पाहिले आहे आणि त्यांना ते बोलता येत नाही, हेही पाहिले आहे. काळाकोट साहेब, तुमची माहिती मी आमच्या विभागात छापून लावणार आहे. विशेषतः अविवाहित मुलीच्या खर्चाविषयीची आणि 15100 ची. महाविद्यालयांनी करण्याजोगे एक छोटे काम मला सुचते. शिष्यवृत्तीच्या अर्जांना जात आणि उत्पन्नाचे दाखले लागतात, ते नाडकचेरीतून (इथल्या महसूल कार्यालयातून) आणायला बहुधा वडिलांकडची कागदपत्रे मागितली जातात, आणि वडिलांशी बोलणे बंद असलेली मुलगी शेवटची तारीख उलटेपर्यंत गप्प बसते. प्रवेशाच्या वेळीच ‘कागद मिळवण्यात घरगुती अडचण आहे का?’ असे एकांतात विचारले, तर कारण न सांगताही तिला मदत मागता येईल. आमच्याकडे या जूनपासून तसे करण्याचे मी प्राचार्यांसमोर मांडणार आहे.

शहापूरच्या लेकीच्या पत्रिकेच्या प्रश्नाला मात्र अद्याप कोणी उत्तर दिलेले नाही.

निपाणीकर

ते उत्तर मी देतो. घाटमाथा आणि मलप्रभा यांचे लिहिणे मी दोनदा वाचले. भांडणाच्या घराविषयी मी जे धरून चाललो होतो, त्याचा विचार करतो आहे. पण लग्ने जमवण्यात आणि पत्रिका लिहिण्यात माझे आयुष्य गेले आहे, त्यामुळे हे काम माझे.

बाळ, पत्रिकेत ‘श्री. व सौ.’ असे जोडनाव घालायचेच नाही. ‘आमची कन्या’ असेही नको. निमंत्रक म्हणून आज्जीचे नाव वर घ्यावे; घरात वडीलधारी व्यक्ती हयात असताना तिच्या नावाने निमंत्रण देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे, त्यामुळे कोणी भुवई उंचावणार नाही. त्याखाली तुझे नाव, आणि तुझ्या नावाखाली एका ओळीत वडिलांचे पूर्ण नाव, दुसऱ्या ओळीत आईचे पूर्ण नाव, दोन्ही सारख्याच अक्षरांत. मामांचे नाव आजोळ म्हणून वेगळे येईल, त्यामुळे गडहिंग्लजची मंडळीही मानाने येतील.

कन्यादानाला काका-काकी किंवा मामा-मामी बसलेले मी अनेक लग्नांत पाहिले आहेत, आणि कोणत्याही भटजींनी हरकत घेतलेली नाही. पण निवड तू करायचीस. आज्जीने नाही आणि मामांनीही नाही. तुला ज्यांच्या हातात हात देऊन उभे राहावेसे वाटते, त्यांची नावे आधी भटजींना सांगून ठेव, म्हणजे मांडवात ऐनवेळी चर्चा होणार नाही. आई आणि अप्पा या दोघांनाही मुहूर्ताच्या महिनाभर आधी वेगवेगळे भेटून हे सांग, आणि सोबतीला एखादे वडीलधारे माणूस ने. असे कोणी नसेल तर मला इथे निरोप टाक. निपाणीच्या स्टँडपासून माझे घर चालत पाच मिनिटांवर आहे, मी येईन.

शहापूरची_लेक

काका, मसुदा आजच वहीत उतरवून घेतला. येत्या रविवारी आईकडे निघाले आहे. निपाणीला उतरल्यावर तुमच्याकडे येते, मग पुढे दोघेही जाऊ.